फुलाचा वास कुणासाठी?

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. चूक माझी आहे आणि जुनी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी 'आमच्याकडचा पावसाळा' असा निबंध दिला होता. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते की पहिला पाऊस पडला की त्यांच्या कुळागरात सुरणाचे फूल येते, त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो, आजी म्हणते तिकडे फिरकू नका, पण ती जाऊन बघते, तर फुलात भुंगेरे शिरलेले असतात. एवढे चार-पाच ओळींत. मी लाल शाईने 'उंदीर' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, "फुलाच्या संदर्भात अशी उपमा रसभंग करते." दोन गुण कापले.

तिने काही तक्रार केली नाही. पुढच्या निबंधात तिने प्राजक्ताचा सडा आणि परिमळ असे सगळे व्यवस्थित लिहिले. मी भरपूर गुण दिले. तिच्या घराजवळ प्राजक्त होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

आता त्या चार-पाच ओळींत किती बरोबर होते ते पाहा. सुरणाला पानाआधी फूल येते, पावसाच्या तोंडावर. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर असंख्य बारक्या फुलांचा दांडा असतो, आणि त्याच्या टोकाला सुरकुतलेला, जांभळट, बोजड गोळा. उमलण्याच्या दिवशी हा गोळा चक्क तापतो. भोवतालच्या हवेपेक्षा तो गरम असतो. त्या उष्णतेने वासाची द्रव्ये उडतात आणि दूरवर जातात. ही द्रव्ये गंधकाची असतात, मांस कुजताना जी सुटतात त्याच जातीची. कुजक्या मांसावर आणि शेणावर जगणारे भुंगेरे त्या वासावर येतात. पहिल्या दिवशी खालची मादी फुले तयार असतात, नर फुलांतून पराग सुटतो तो नंतर. म्हणजे आदल्या फुलातून पराग अंगावर घेऊन आलेला भुंगेरा इथल्या मादी फुलांना तो देतो आणि जाताना इथला नवा घेऊन निघतो. आजीने सांगितले ते बरोबर होते, मुलीने पाहिले ते बरोबर होते आणि उपमा तर शब्दशः बरोबर होती. चुकीचा होता तो लाल शेरा.

मी तो शेरा का मारला, याचा विचार मी पुढे बराच केला. आळस हे एक कारण आहेच. पण त्यामागे आपली एक जुनी घडण आहे. तर्कशास्त्राच्या आपल्या परंपरेत गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे आणि त्याचे प्रकार दोन, सुरभी आणि असुरभी. रसाचे सहा प्रकार, रंगाचे सात, आणि गंधाचे मात्र दोनच, चांगला आणि वाईट. ही विभागणी कुणाच्या नाकाने केली? अर्थात माणसाच्या. काव्यशास्त्राने तीच उचलली आणि फुलाला कायमचे सुरभीच्या रकान्यात बसवले. मग सुरंगी आली, बकुळ म्हणजे आपली ओवळे आली, केवडा आला, चाफा आला. ज्या फुलाला वास नाही त्याचे काय करायचे ते कवितेला कळले नाही. अबोली आपल्याकडे इतकी माळली जाते, देवाला वाहिली जाते, पण तिचे कौतुक करताना रंगाकडेच वळावे लागते. आणि ज्या फुलाला दुर्गंध आहे ते तर फूलच नव्हे.

या घडणीला तडा गेला तो एका सड्यावर. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन श्रावण-भाद्रपदात चोर्ल्याच्या बाजूला जातात. एका वर्षी सोबत एक प्राध्यापक कमी पडत होते म्हणून मी गेलो. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, गवत, तेरडा, सीतेची आसवे. मॅडम एका ठिकाणी गवतात गुडघ्यावर बसल्या आणि आम्हाला हळू यायला सांगितले. गवताच्या पात्यांतच एक बारीक देठ होता आणि त्यावर उभे, हिरवट, आत जांभळ्या ठिपक्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे एक फूल. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. आकाशकंदिलाची आठवण व्हावी असा आकार. "कंदीलपुष्प," मॅडम म्हणाल्या. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. प्रजाती कुठली आणि सडा नेमका कुठला, हे मी मुद्दाम सांगत नाही. असली झाडे उपटून नेऊन कुंडीत लावणारे हौशी लोक आहेत, आणि व्याख्यान छापले जाणार आहे.

मी सवयीने नाक जवळ नेले. काहीच वास आला नाही. तसे म्हणालो. मॅडम हसून म्हणाल्या, "सर, ते तुमच्यासाठी फुललेलं नाही."

तर ते कुणासाठी फुललेले असते? चिलटाएवढ्या माश्यांसाठी, दोन-तीन मिलिमीटरच्या. माणसाच्या नाकाला जे वास किंचितच जाणवतात किंवा मुळीच जाणवत नाहीत, ते या माश्यांना वाऱ्यावरून कळतात. वास बहुधा पाकळ्यांच्या टोकांकडून सुटतो, तिथे वासाच्या पेशी असतात. माशी तिथे येऊन बसते आणि नळीत उतरते. नळीच्या आतल्या बाजूला केस असतात, सगळे खालच्या दिशेला वळलेले. उतरताना वाट मोकळी, चढताना काटेरी कुंपण. मासे पकडायची खोईन किंवा मळई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तळाच्या फुगीर भागात कित्येकदा पारदर्शक चट्टे असतात. माशीला वाटते प्रकाश येतो तिकडे दार आहे, म्हणून ती वर न जाता खालीच घुटमळते, आणि फुलाची सगळी महत्त्वाची यंत्रणा तिथेच असते. आतला थोडासा मध चाखायला सोंड घातली की एका बारीक खाचेतून ती ओढताना परागाची पुडी चिमटा लागावा तशी सोंडेला अडकते. पराग इथे सुटी भुकटी नसते. रुईच्या फुलात असते तशी मेणचट, घट्ट पुडी असते. रुई आणि कंदीलपुष्प एकाच कुळातली.

साधारण एक दिवसानंतर केस कोमेजतात, पुष्कळ प्रजातींत फूल खाली कलते आणि माशी सुटते. सोंडेला पुडी घेऊन. पुन्हा तशाच वासाला फसली तरच परागीभवन पूर्ण होते. म्हणजे झाडाचा सारा डाव माशीने अनुभवातून काही शिकू नये यावर उभा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेफान फोगेल यांनी १९६१ साली या फुलांच्या सापळ्यावर मोठा निबंध लिहिला. फुलांतल्या गंधपेशींचा अभ्यासही मुख्यतः त्यांचाच.

घरी आल्यावर मला ज्ञानेश्वरीतला पहिल्या अध्यायातला दृष्टान्त आठवला. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, प्राण गेला तरी ती फोडत नाही. हा दृष्टान्त मी वीस वर्षे शिकवला आहे. मोह किती कोवळा आणि तरी किती कठीण, असे सांगायचो, आणि ते चूक नाही. पण लाकूड पोखरणारा भुंगा खरोखर असतो, तुमच्या-आमच्या वाशांना गोल भोके पाडतो तो, आणि तोच रुईच्या फुलांवर येऊन परागाच्या पुड्या नेतो, हे मी एकदाही वर्गात सांगितले नव्हते. ज्ञानदेवांनी कीटक ओळखून दृष्टान्त घेतला आणि आम्ही प्राध्यापकांनी तो 'भ्रमर' नावाच्या काव्यसंकेतात विरघळवून टाकला. कळीतला भुंगा प्रेमाने थांबतो, असे कविता म्हणते. कंदिलातली माशी प्रेमाने थांबत नाही. तिला फसवलेले असते आणि कुंपण घातलेले असते.

फसवणूक कसली, हे आता सांगतो, कारण या सगळ्या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग हाच आहे. तो आपल्याकडचा नाही. दक्षिण आफ्रिकेत सेरोपेजिया सँडरसनाय नावाची वेल आहे, तिचे फूल उघडलेल्या छत्रीसारखे दिसते. त्यात ज्या माश्या सापडतात त्या आयतखाऊ जातीच्या. स्वतः शिकार करायची नाही. कोळ्याने जाळ्यात मधमाशी धरली की तिच्या अंगातून झिरपणारा रस प्यायला या हजर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे. पण कोळ्याने मधमाशी धरली हे यांना कळते कसे? मधमाशी संकटात सापडली की तिच्या डंखाजवळच्या आणि जबड्याच्या ग्रंथींतून वास सुटतो. तो तिचा इशारा असतो, आपल्या बहिणींना केलेली हाक. ती हाक या माश्या चोरून ऐकतात. २०१६ साली युरोपीय संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिले की सँडरसनायचे फूल नेमका हाच वास सोडते. फुलाच्या वासातली बरीच द्रव्ये मरणाच्या दारातल्या मधमाशीच्या वासाशी जुळली, आणि त्यातली चारच द्रव्ये एकत्र करून ठेवली तरी माश्या आल्या. आलेल्या माश्यांत माद्याच जास्त.

क्षणभर थांबून पाहा. एक वनस्पती, जिला डोळा नाही, नाक नाही, ती दुसऱ्या एका प्राण्याच्या आकांताची नक्कल करते. तो आकांत तिच्यासाठी नाही, ज्याच्यासाठी आहे त्यालाही ती बोलवत नाही. बोलवते ती तो आकांत ऐकून जेवायला धावणाऱ्या तिसऱ्याला. मी आयुष्यभर अन्योक्ती शिकवली. इतकी गुंतागुंतीची अन्योक्ती माझ्या वाचनात नाही. आणि या चार द्रव्यांत एक जिरॅनिऑल आहे, म्हणजे गुलाबाच्या अत्तरातही जे असते तेच. आपल्या नाकाला जे गुलाबाचे, ते त्या माशीला मेजवानीचे आवतण. सुरभी की असुरभी, कुठल्या रकान्यात टाकायचे?

आपल्या सह्याद्रीतल्या प्रत्येक कंदीलपुष्पाचा वास कशाची नक्कल करतो, हे अजून तपासले गेलेले नाही. आपल्याकडे प्रजाती पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच इथल्याच, दुसरीकडे कुठे न सापडणाऱ्या. नाशिकच्या अंजनेरीच्या नावाची एक आहे, पाचगणीच्या नावाची एक आहे, खुद्द सह्याद्रीच्या नावाची एक आहे. अलीकडेच विशाळगडावर सापडलेल्या प्रजातीला शिवरायांचे नाव दिले गेले. फँटास्टिका नावाची एक अतिदुर्मिळ प्रजाती सेजविक यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातून नोंदवली, तिच्या नोंदी गोव्यातही आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वनस्पती शोधण्याचे आणि वाढवून पुन्हा डोंगरावर नेण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे.

आता भाषेकडे येतो, कारण शेवटी मी इथे त्यासाठीच उभा आहे.

'कंदीलपुष्प' हे नाव छान आहे, पण ते पाहणाऱ्याचे नाव आहे. डोंगरातल्या माणसांनी या वेलींना खरपुडी, खर्चुडी अशी नावे दिली होती आणि मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांना ती नावे आठवली ती कंदावरून. जमिनीखाली छोटा, बटाट्यासारखा कंद असतो, गुराखी मुले तो खणून खातात. त्यांच्या दृष्टीने फूल म्हणजे कंद कुठे आहे त्याची खूण. लिनियसने दिलेले सेरोपेजिया हे नाव ग्रीक शब्दांवरून, अर्थ मेणाचे कारंजे. त्याला झुंबरातल्या मेणबत्त्या दिसल्या. म्हणजे एकाला मेणबत्ती दिसली, एकाला कंदील, एकाला जेवण. या तिन्ही नावांत वास कुठेच नाही.

लिनियसची ती मेणबत्ती आली कुठून? मलबारातून. व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने तयार करवलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथातल्या चित्रावरून त्याने पहिल्या कंदीलपुष्पाला नाव दिले. १६७८ ते १६९३ या काळात हा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचे प्रशस्तिपत्र आहे, १६७५ सालचे, नागरी लिपीत, भाषा कोकणी. हे कोचीनमध्ये राहणारे, गोव्यातून गेलेल्या समाजातले लोक. आम्ही पाहिले, ओळखले, तपासून सांगितले, अशी ती साक्ष. आपल्याकडे कोकणी-मराठीवर पुष्कळ शाई सांडली आहे, मीही थोडी सांडली आहे. पण आपल्या मुलखातल्या माणसांनी वनस्पतीबद्दल दिलेली साक्ष आपल्या लिपीत छापली गेली ती इतकी जुनी, हे दोन्ही बाजूंच्या किती जणांनी वर्गात सांगितले असेल?

त्या वैद्यांकडे वासाचे शब्द होते. वैद्याला असावेच लागतात. आपल्याकडेही आहेत, पण ते पुस्तकात नाहीत, स्वयंपाकघरात आहेत. त्या शेऱ्याचे प्रायश्चित्त म्हणून म्हणा, गेली काही वर्षे मी पहिल्या वर्गात एक काम देतो. घरी जाऊन वासाचे शब्द गोळा करून आणा, अट एकच, 'छान' आणि 'घाण' चालणार नाही. मुले काय काय आणतात! खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र, खमंग, खरपूस, ओशट, वशाट, दर्प, दरवळ, घमघमाट. अंड्याचा आणि मासळीचा हिंवस. एका मुलाने आजोबांकडून आणले की पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्याचा वास वेगळा आणि बंद पेटीतल्या कपड्याचा वेगळा, आणि दोघांना 'कुबट' म्हणणारा माणूस नाकाने आंधळा. हा शब्दप्रयोग कोशात नाही, मी टिपून ठेवला आहे.

दुःखाची गोष्ट ही की दर वर्षी यादी थोडी लहान होते. एकदा एका मुलीने सरळ विचारले, "सर, हिंवस म्हणजे काय? आमच्या घरी सगळे 'स्मेल येतो' म्हणतात." तिचा दोष नाही. पण 'स्मेल येतो' म्हटल्यावर फक्त वाईट वास कळतो, कुठला ते कळत नाही. म्हणजे दोनाचा एक रकाना झाला.

आणि परागीभवन शिकवणाऱ्या आमच्या मॅडमची अडचण हीच आहे. त्या म्हणतात, क्षेत्रकामाच्या वहीत 'वास' या रकान्यात मुले एकतर 'नाही' लिहितात किंवा 'गोड'. यंत्राने द्रव्ये मोजता येतात, पण यंत्र सड्यावर नेता येत नाही, आणि कुठल्या फुलाचा नमुना यंत्राकडे पाठवायचा हे पहिल्यांदा कुणाच्या तरी नाकालाच ठरवावे लागते. 'आंबलेल्या फळासारखा', 'शिळ्या मासळीसारखा', 'चिरडलेल्या ढेकणासारखा' असे कुणी लिहिले तर निदान कुठल्या माश्यांची वाट बघायची ते कळते. मेलेल्या उंदरासारखा, असे लिहिणारी विद्यार्थिनी तिला सोन्याहून मोलाची. मी तिचे दोन गुण कापले होते.

दुर्मिळ झाडाच्या बाबतीत तर हे आणखी निकडीचे आहे. सड्यावर पाच-पन्नास वेली विखुरलेल्या असतात. कंद खणले जातात, गुरे शेंडे खुडतात, चिऱ्यांच्या खाणी सडाच कापून नेतात. पण समजा झाडे राखली, कुंपण घातले, आणि माश्या गेल्या तर? माशी ज्या किड्यावर किंवा कोळ्याच्या उष्ट्यावर जगते तो गेला तर? कंद जमिनीत जिवंत राहील, दर पावसाळ्यात वेल येईल, कंदील लागेल, वास सुटेल. पाहणाऱ्याला सारे ठीक दिसेल. शेंग मात्र धरणार नाही. या कुळात एरवीही शेंगा कमीच धरतात. शंभर फुले दिसली म्हणून शंभर शेंगांची आशा करू नये. म्हणून मॅडम आता फुले मोजत नाहीत. शेंगा मोजतात.

ही शेंग जोडीने येते, दोन बारीक, लांब, शिंगांसारख्या. पिकली की उकलते आणि आतून रेशमी तुऱ्याचे बी उडते. आपण लहानपणी ज्याला म्हातारी म्हणून पकडायचो आणि फुंकर मारून सोडायचो, तशीच ती.

गेल्या ऑक्टोबरात मी मॅडमबरोबर पुन्हा त्या सड्यावर गेलो. गवत पिवळे पडले होते. आम्ही पाहिलेल्या वेलीला एकच जोडशेंग होती, तिची एक बाजू उकलून रिकामी झालेली, दुसरी अजून बंद. मॅडमनी वहीत नोंद केली आणि तिच्याभोवतीचे गवत होते तसे परत वर ओढले.